समाजकार्याची पदवी हातात आली. आता मुंबईत काम कुठे आणि कसं शोधायचं?

निकाल लागले की माझ्याकडे फील्डवर्क (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम) करून गेलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, बीएसडब्ल्यू झालं, लगेच एमएसडब्ल्यू करू की आधी नोकरी धरू?" "ताई, हॉस्पिटलमधली जागा आहे, पण अकरा महिन्यांचा करार आहे. घेऊ का?" घरच्यांचा प्रश्न याहून थेट असतो. समाजसेवेचा पगार मिळतो का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. मी आधी रुग्णालयात आणि मग गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये काम केलं. या सगळ्या फोनांवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

सगळ्यात आधी माझं ठाम मत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पहिली दोन वर्षं अशा ठिकाणी काढा, जिथे तुमची केसनोंद (मदतीला आलेल्या माणसाबद्दल लिहिलेली नोंद) कोणीतरी जाणकार वाचेल आणि "हे का लिहिलं नाहीस?" असं विचारेल. संस्थेचं नाव, एसी ऑफिस, दोन-तीन हजार जास्त पगार या गोष्टी त्यानंतर येतात. आपल्या कामात चूक झाली तर ती एखाद्या बाईला किंवा मुलाला भोगावी लागते. म्हणून सुरुवातीला डोक्यावर कोणीतरी लक्ष ठेवणारं हवंच.

पहिली पायरी: फील्डवर्कच्या वह्या उघडा

बायोडेटा लिहिण्याआधी दोन दिवस काढून फील्डवर्कचे सगळे रेकॉर्ड्स पुन्हा वाचा. कोणत्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना थकवा आला तरी मन भरलेलं होतं आणि कोणत्या दिवशी दुसऱ्या दिवशी जाऊच नये असं वाटलं, ते समासात खुणा करून पाहा. एका माणसाबरोबर तासभर बसून बोलण्यात तुम्ही रमता की पन्नास बायकांची सभा घेण्यात? पोलीस ठाण्यात आवाज चढला तर तुम्ही गप्प होता की टिकून राहता? कागदपत्रं लावण्यात जीव रमतो का? केसवर्क (एकेका व्यक्तीसोबत), ग्रुपवर्क (छोट्या गटासोबत) आणि समुदाय संघटन (सगळ्या वस्तीसोबत) या तीन पद्धती आपण परीक्षेसाठी वेगवेगळ्या शिकतो. नोकरीत त्या एकमेकींत मिसळतात, पण प्रत्येक जागेत एकीचं पारडं जड असतं. तुमचं पारडं कुठे झुकतं, हे त्या वह्यांमध्येच लिहिलेलं असतं.

बीएसडब्ल्यू झालेल्यांनी एमएसडब्ल्यू कधी करावं? रुग्णालयातल्या जागा, कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक, मनोरुग्णांसोबतचं काम आणि महाविद्यालयात शिकवणं, या वाटांना पदव्युत्तर पदवी लागतेच. वस्तीतलं काम, बालगृहं आणि हेल्पलाइन यांना ती लगेच लागत नाही. घरची परिस्थिती थांबू देत असेल तर एक-दोन वर्षं काम करून एमएसडब्ल्यूला जा. वर्गात शिकवलेलं मग वेगळ्याच अर्थाने कळतं. मुंबईत या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं देवनारचं टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था. मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन १९५५ चं. नोकरी सोडणं परवडत नसेल तर इग्नूचं एमएसडब्ल्यू हा पर्याय आहे. मात्र दूरशिक्षणात फील्डवर्ककडे दुर्लक्ष करू नका. मुलाखतीत नेमकं तेच उघडं पडतं.

दुसरी पायरी: वाटा जवळून ओळखा

रुग्णालयापासून सुरुवात करते, कारण ती वाट मी चालले आहे आणि तिथे खरं काम काय असतं हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. भारतात पहिली वैद्यकीय समाजसेवक नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. आज केईएम, शीव, नायर, टाटा मेमोरियल अशा मोठ्या रुग्णालयांत आणि ट्रस्टच्या बहुतेक रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर अंथरूण टाकून राहिलेली कुटुंबं तुम्ही पाहिली असतील. त्यांची पहिली गाठ बऱ्याचदा याच विभागाशी पडते.

दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी ओपीडीतून चिठ्ठी येते: 'आर्थिक मदत'. समोर बसलेल्या माणसाकडे रेशनकार्ड गावचं असतं, आधारवरचा पत्ता तिसराच असतो आणि डॉक्टरांनी दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक त्याला वाचता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा आजार बसतो का, हे आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडे, जाऊन पाहायचं. नाही बसला तर मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखे ट्रस्ट, आणि ज्यांची यादी प्रत्येक जुन्या समाजसेविकेच्या ड्रॉवरमध्ये असते असे छोटे ट्रस्ट. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रकमेचा निधी वेगळा काढायचा असतो. हा नियम तोंडपाठ असलेली समाजसेविका आणि नसलेली समाजसेविका यांच्यात एखाद्या रुग्णाच्या उपचारांएवढं अंतर असतं.

पण पैशांची जुळवाजुळव म्हणजेच काम, असं समजू नका. निदान ऐकून सुन्न झालेल्या आईजवळ बसणं, क्षयाची औषधं मध्येच सोडणारा माणूस का सोडतो हे शोधणं, बेवारस रुग्णाचं गाव त्याच्या बोलीवरून ओळखणं, हे सगळं तुमचंच काम आहे. अवयवदानाचा समन्वयक ही याच क्षेत्रातली तुलनेने नवी जागा. कायद्यानुसार प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला समन्वयक नेमावाच लागतो आणि समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असलेल्यांना त्यात पसंती असते. अतिदक्षता विभागाबाहेर, मेंदूमृत घोषित झालेल्या तरुणाच्या वडिलांशी बोलायची ताकद मात्र पदवीने येत नाही. ती हळूहळू कमवावी लागते, आणि ज्यांच्यात ती येते त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. एचआयव्ही समुपदेशकांच्या जागा मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेमार्फत भरल्या जातात. त्या कंत्राटी असतात, पण तिथे प्रशिक्षण चांगलं मिळतं.

मनोरुग्णांसोबत काम करायचं असेल तर शब्द जपून वापरा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार 'सायकिअॅट्रिक सोशल वर्कर' म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूनंतर त्या विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. बंगळुरूचं निम्हान्स त्यासाठी प्रसिद्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. पदवीच बंद करायला घेतल्यामुळे प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची स्थिती संस्थेकडून लेखी घ्या.

मुलांचं क्षेत्र हे मुंबईत सर्वात विस्तारलेलं आणि सर्वात जास्त कस पाहणारं आहे. रस्त्यावरच्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली इथेच, टिसच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. आता ती सरकारी यंत्रणेचा भाग आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे असल्यामुळे जिल्हा बाल संरक्षण कक्षही दोन आहेत. मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या सरकारी योजनेखाली तिथे समुपदेशक, समाजसेवक आणि परिविक्षा अधिकारी यांच्या कंत्राटी जागा निघतात. डोंगरी आणि मानखुर्द इथल्या मुलांच्या संस्थांची नावं तुमच्या कानावर सतत पडतील. इथे तुमचं मुख्य हत्यार म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. मूल घरी परत जाईल की संस्थेत राहील, हे बाल कल्याण समिती बऱ्याच अंशी तुमच्या चार पानांवरून ठरवते. पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) खटल्यात मुलाला आधार देणारी 'सपोर्ट पर्सन' म्हणूनही काम करता येतं. समिती ती नेमते, आणि तक्रारीपासून साक्षीपर्यंत तुम्ही त्या मुलाच्या बाजूला असता.

महिलांसोबतच्या कामात 'महिला व मुलांसाठी विशेष कक्षा'चा उल्लेख करायलाच हवा. १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवून हा प्रयोग सुरू झाला आणि पुढे राज्यभर पसरला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसून पोलिसांची न होता काम करणं, हे तिथलं कसब. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचे संरक्षण अधिकारी, हिंसा सोसलेल्या महिलांना एकाच ठिकाणी मदत देणारी 'सखी' केंद्रं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक या याच वाटेच्या पुढच्या जागा. धारावीसारख्या भागात माता-बाल आरोग्य आणि हिंसाचार यांवर एकत्र काम करणारी 'स्नेहा' ही संस्था १९९९ पासून आहे. सुरुवात करणाऱ्यांनी तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

वस्तीतल्या कामाबद्दल एकच गैरसमज दूर करते. तिथे फक्त सभा आणि रॅली नसतात. रस्ता किंवा रेल्वेच्या प्रकल्पात घर गेलेली कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये किंवा वाशी नाक्याला आली, तेव्हा मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्डावरचा पत्ता, सोसायटीची नोंदणी, लिफ्टच्या बिलावरून होणारी भांडणं, हे सगळं सांभाळणारे समाजविकासाचे लोक लागले. झोपडपट्टी पुनर्वसनात परिशिष्ट दोन (पात्र-अपात्र रहिवाशांची यादी) वाचता येणारा माणूस आजही दुर्मीळ आहे. 'अपनालय', 'युवा', 'प्रथम' अशा संस्थांमध्ये ही कामं शिकता येतात. आणि इथे मराठी-हिंदी दोन्ही हव्यात. गोवंडीच्या गल्लीत हिंदी चालेल, पण वॉर्ड ऑफिसात आणि तहसीलदाराकडे अर्ज मराठीत नीट लिहिणारा माणूसच काम करून बाहेर पडतो.

सरकारी कायम नोकरी हवी असेल तर एमपीएससीतून बाल विकास प्रकल्प अधिकारी, समाज कल्याण विभागातली पदं, महिला व बाल विकास विभागातली पदं असतात. महापालिकेत समाज विकास अधिकारी असतात. यातल्या बऱ्याच परीक्षांना कुठलाही पदवीधर बसू शकतो, म्हणून समाजकार्याची पदवी तिथे आपोआप फायदा देत नाही. अभ्यास वेगळा करावा लागतो आणि भरतीला वर्षं लागतात. नोकरी न सोडता तयारी करा, एवढंच सांगते.

कंपन्यांकडे जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्चायला सांगितलं, आणि अशा कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत भरपूर आहेत. तिथे पगार बरा असतो. काम असतं प्रस्ताव तपासणं, भेटी, एक्सेल, अहवाल. पण वस्तीत एक पावसाळा काढल्याशिवाय तिथे जाऊ नका. ज्याने पाणी भरलेल्या घरात होम व्हिजिट केलेली नाही, त्याला संस्थेच्या प्रस्तावातला कोणता आकडा खोटा आहे ते कळत नाही. कारखान्यांतला कल्याण अधिकारी ही जुनी वाट. १९४८ च्या कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ही नेमणूक सक्तीची केली, आणि नव्या कामगार संहितेत ही मर्यादा २५० वर आणली. त्यासाठी परळच्या महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतला अभ्यासक्रम अनेकजण करतात.

शिकवायचं असेल तर समाजकार्य विषयातून नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्या. पण आधी काही वर्षं काम करा.

तिसरी पायरी: जाहिराती गाठा आणि अर्ज नीट करा

कंत्राटी सरकारी जागा जिल्ह्याच्या, महापालिकेच्या आणि त्या त्या विभागाच्या संकेतस्थळावर येतात. मुदत बऱ्याचदा आठ-दहा दिवसांचीच असते. म्हणून सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं तेवढ्यासाठी ठेवा. संस्थांच्या जागा डेव्हनेटजॉब्ससारख्या ठिकाणी आणि महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत दिसतात. फील्डवर्कच्या जुन्या सुपरवायझरला फोन करायला संकोचू नका. आम्हाला असा फोन आला की आनंदच होतो.

बायोडेट्यात 'समाजसेवेची आवड' असं लिहू नका. 'दोन वर्षांत २२ कुटुंबांसोबत केसवर्क, ९ किशोरींचा गट, ३ वॉर्ड कार्यालयांत पाठपुरावा' असं आपल्या खऱ्या कामाचं लिहा. मुलाखतीत नमुना म्हणून केसनोंद दाखवायला सांगितली तर नाव, पत्ता, शाळा, सगळं काढून टाकलेली प्रत न्या. मुलांच्या बाबतीत ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. मूळ नोंद घेऊन येणाऱ्या उमेदवाराला मी तरी निवडत नाही.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. माझ्या कामावर देखरेख कोण करेल, आणि आठवड्यातून किती वेळ? एका व्यक्तीकडे एकाच वेळी किती केसेस असतात? माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेले? रात्री पोलीस ठाण्यात जावं लागलं तर सोबत कोण येतं, गाडीभाडं कोण देतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी पुन्हा विचार करायला सांगेन.

चौथी पायरी: नेमणूकपत्र सावकाश वाचा

इथे आपल्या क्षेत्रातली मुलं सर्वात जास्त फसतात, आणि याचा मला मनापासून त्रास होतो. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी झटणारी ही मुलं स्वतःचं पत्र न वाचता सही करतात.

पत्रात 'वेतन' आहे की 'मानधन', ते आधी बघा. मानधनावर किंवा सल्लागार म्हणून घेतलं असेल तर भविष्यनिर्वाह निधी नसतो, ग्रॅच्युइटी नसते आणि बऱ्याचदा १० टक्के कर कापूनच पैसे हातात येतात. हे चुकीचंच असतं असं नाही, पण मग आकडा त्या हिशोबाने मोठा हवा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. अकरा महिन्यांच्या करारात मध्ये खंड पडतो का, प्रसूतीरजा आहे का, प्रकल्प संपला तर किती दिवसांची नोटीस, हे विचारा. पैसा कुठून येतो हेही विचारा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. त्यानंतर फक्त परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांमध्ये पगारांची ओढाताण वाढली. देणगीदार एकच असेल तर तुमची नोकरी त्याच्या एका ई-मेलवर अवलंबून असते.

पाचवी पायरी: पहिल्या दोन वर्षांत लिहायला शिका

मी नवीन असताना एका रुग्णाच्या फायलीत लिहिलं होतं, 'रुग्णाची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे.' माझ्या वरिष्ठांनी ते वाक्य पेन्सिलने खोडलं आणि मला परत वॉर्डात पाठवलं. तासाभराने मी लिहून आणलं: 'वय ४२, नाका कामगार, मागचे पाच आठवडे काम नाही. घरात दुसरं कमावतं कोणी नाही. खोलीचं भाडं दोन महिने थकलंय. पिवळं रेशनकार्ड गावी, जालना जिल्ह्यात. धाकटा भाऊ गावी आहे, फोन लागतो, कार्ड पाठवायला तयार आहे.' पहिल्या वाक्याने कोणालाच काही करता आलं नसतं. दुसऱ्या नोंदीतून पुढचं काम आपोआप निघालं: भावाला फोन, कार्ड, योजनेचा अर्ज. त्या माणसाचं ऑपरेशन झालं.

नोंद त्याच दिवशी लिहा. जे पाहिलं ते, जे त्या व्यक्तीने सांगितलं ते आणि जे तुम्हाला वाटलं ते, तिन्ही वेगळं ठेवा. व्यक्तीचे महत्त्वाचे शब्द तिच्याच बोलीत उतरवा. न्यायालयात दोन वर्षांनी तुमची वही उघडली जाईल तेव्हा तुम्ही कदाचित तिथे नसाल, वही असेल. प्रत्येक रेफरलच्या (दुसऱ्या ठिकाणी मदतीसाठी पाठवल्याच्या नोंदीच्या) पुढे तारीख आणि ज्याच्याशी बोललात त्याचं पद लिहा. माझ्या अनुभवात अर्धा पाठपुरावा एवढ्याने होतो.

आणि आठवड्यातून एकदा कोणाशी तरी बोला. एका मुलीची केस बंद झाल्यावर मी कितीतरी रात्री लोकलमध्ये दारात उभी राहून रडले आहे. त्यात कमीपणा नाही. पण ते एकटीने करत राहिलं की माणूस तीन-चार वर्षांत हे काम सोडतो. संस्थेत सुपरव्हिजन मिळत नसेल तर वर्गातल्या चार जणांनी महिन्यातून एकदा दादरला भेटा आणि नावं न घेता केसेसवर बोला. आमचा असा गट बरीच वर्षं चालला.

पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवा

बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात. बाल कल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यासाठी वयाची पस्तिशी आणि मुलांसोबतच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. ज्या समितीसमोर तुम्ही विशीत अहवाल घेऊन थरथरत उभे राहिलात, तिथे बसण्याची ही संधी आहे, आणि चांगल्या माणसांनी ती घ्यायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

त्यासाठी आजच एक काम करा. प्रत्येक नोकरी सोडताना, शेवटच्या दिवशीच, अनुभवपत्र हातात घ्या. मी एका प्रकल्पातून 'नंतर येऊन नेते' म्हणून निघाले. वर्षभरात ते कार्यालय बंद झालं, आणि माझी दोन वर्षं कुठल्याच अर्जात दाखवता आली नाहीत. पत्रावर पदनाम, तारखा आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहिलेलं असू द्या. 'प्रकल्पात कार्यरत होत्या' एवढ्यावर समाधान मानू नका. 'शून्य ते अठरा वयोगटातील मुलांसोबत केसवर्क' असे शब्द त्यात येऊ द्या. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. त्याची एक प्रत घरी आणि एक मोबाइलमध्ये ठेवा.